एकोणीस नंबरचा फोटो

तिला सगळी गल्ली हनुवटीताई म्हणते. तोंडावर नाही हं, माघारी. पण तिच्या कानावर आलेलं आहे, आणि खोटं कशाला बोला, तिला ते थोडंसं आवडतंही. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत ती वीस वर्षं ओळखपत्राचे फोटो काढते आहे. माणूस स्टुलावर टेकला की हिची टकळी सुरू. "सरळ बसा. चष्मा काढा. हनुवटी खाली. एवढी नको, जरा वर. हसायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत." मग खटक. मग "झालं." त्या भागातल्या प्रत्येक पाकिटात तिने काढलेला एक तरी चेहरा आहे. मुख्याध्यापक असोत, बँकेतले साहेब असोत, नाहीतर ट्रकवाला असो, हनुवटी खाली घेतल्याशिवाय कोणाची सुटका झालेली नाही. एकदा तर तिने एका हवालदारालाच दटावलं होतं, "साहेब, गुन्हेगारासारखं बघू नका, अर्ज बढतीचा आहे."

अर्ज काय, परत येतच असतात. कुणाची सही चुकते, कुणाची जन्मतारीख. पण हिच्या फोटोमुळे अर्ज परत आला असं वीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. दोन्ही कान दिसणार, मागची भिंत पांढरी फटक राहणार, आणि माणूस असा दिसणार की त्याला जन्मात कोणी विनोद सांगितलेला नाही.

लग्नाचे फोटो मात्र काका काढायचे. काका म्हणजे स्टुडिओचे मालक. अडुसष्ट वर्षांचे, काटकुळे, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. लग्नाच्या दिवशी काळी बॅग खांद्याला लावली की दुकानाबाहेर पडण्याआधी ते बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घालून काहीतरी चाचपायचे आणि मगच निघायचे. तिला वाटायचं, खोकल्याच्या गोळ्या असतील. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. "तूही चल लग्नाला," असं ते वीस वर्षांत म्हणाले नाहीत आणि "मी येऊ का," असं तीही म्हणाली नाही. त्याला कारण होतं. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

आणि मग काका पडले. पडले ते कुठून, तर ज्या स्टुलावर त्यांनी उभा जन्म लोकांना नीट बसायला सांगितलं, त्याच स्टुलावर चढून पंखा पुसताना. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. आणि गल्लीतल्या शिंपीदादांच्या मुलीचं लग्न नऊ दिवसांवर! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. काकांनी डाव्या हाताने ओळखीच्या सगळ्या फोटोग्राफरना फोन लावले. त्या तारखेला एक जण मोकळा असेल तर शपथ. शेवटचा फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू जा."

"कुठे?"

"लग्नाला. फोटो काढायला."

"अहो काका, मनगट मोडलंय की डोकं आपटलंय?" ती म्हणाली. "मी नवऱ्या मुलाला हनुवटी खाली घ्यायला लावीन. नवरीचे कान मोजीन. नाही जमायचं. साफ सांगते, नाही म्हणजे नाही."

काका नुसते खोकले. त्यांचं खोकणं म्हणजे अर्धं वाक्य असतं, पण उरलेलं अर्धं त्या दिवशी काही आलं नाही.

दुपारी शिंपीदादांची मुलगी स्वतःच आली. आता शिंपीदादा कोण ते सांगायला हवं. स्टुडिओपासून चार दारं सोडून त्यांचं दुकान. माणूस म्हणाल तर लाखात एक, पण चेहऱ्यावर हसू शोधायचं तर दिवा घेऊन फिरावं लागेल. दोष त्यांचा नाही, धंद्याचा. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून काम केलं. हसले तर टाचणी पोटात जायची. आता टाचण्या काढून ठेवल्या तरी ओठ काही सुटत नाहीत. बोलतातही ते ओठांच्या फटीतूनच. बायको लवकर गेली, मुलगी त्यांनी एकट्याने वाढवली, शिवणयंत्राच्या शेजारी पाळणा बांधून.

"ताई, तुम्ही येणार ना? काका म्हणाले," मुलगी म्हणाली.

"काका काय, काहीही म्हणतात. आधी त्यांच्या डोक्याला प्लास्टर घालायला हवं होतं."

मुलगी हसली नाही. स्टुलावर बसली, आणि सवयीने हनुवटी खाली घेतली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विमानाने जाणार. पुन्हा कधी येणं होईल ते माहीत नाही. बाकीचे फोटो कसेही येऊ देत ताई, माझे डोळे मिटलेले आले तरी चालतील. फक्त बाबांचा हसताना एक हवा. आमच्याकडे एकही नाही. म्हणजे बाबांचा एकच फोटो आहे घरात, ओळखपत्रावरचा. तुम्हीच काढलेला."

तिने खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं सुद्धा. दोन्ही कान, पांढरी भिंत, मिटलेले ओठ. काम चोख होतं. हनुवटीताईला ते बघवेना.

"बरं, येते," ती म्हणाली. हो म्हणून बसली, आणि मुलगी पायरी उतरून गेल्यावर तिच्या पोटात गोळा आला.

आता ते कारण सांगून टाकते, कारण त्याशिवाय या गोळ्याचा आकार कळायचा नाही.

तेवीस वर्षांपूर्वी हनुवटीताईचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा फोटो काढायला हेच काका आले होते. तेव्हा रोलचे कॅमेरे. एक रोल, छत्तीस फोटो, वर एकही नाही, ऐपतच तेवढी. तिचे वडील नळजोडणीचं काम करायचे. दिवसभर ते येईल त्या पाहुण्याला दंडाला धरून काकांसमोर उभं करत होते. आठ दिवसांनी काका घरी आले ते हात हलवत. रोल कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता. वरून कॅमेरा खटक खटक वाजत राहिला आणि आत फिल्म जागची हलली नाही. छत्तीसच्या छत्तीस कोरे. काका दारातच उभे, मान खाली. तिचे वडील मात्र म्हणाले, "फोटो नाही निघाले ना? जावई तर बरा निघाला! मग मिळवली. बसा, पाणी घ्या."

तीन महिन्यांत ते गेले. धडधाकट माणूस, रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर सापडला तो कामाच्या ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून लावला. ताठ मान, मिटलेले ओठ, कोणीतरी दम दिल्यासारखा चेहरा. ज्या माणसाच्या हसण्याने शेजारची झोपलेली पोरं उठून बसायची, तो भिंतीवर असा! त्यानंतर तीन वर्षं ती स्टुडिओच्या गल्लीतून गेली नाही. लांबचा वळसा घालायची, पण त्या पाटीखालून जायची नाही.

मग एका नोकरीच्या अर्जासाठी तिला स्वतःचाच फोटो लागला, तोही तासाभरात. जवळ दुसरं दुकान नाही. अडला हरी म्हणतात तसं झालं. काकांनी फोटो काढला, छापून हातात दिला. तिने बघितला आणि म्हणाली, "डावा खांदा खाली गेलाय. परत काढा." काकांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच गेला होता. ते म्हणाले, "नजर आहे तुला. तो अर्ज राहू दे, इथे येतेस कामाला?" लोक म्हणाले, अपराध्यासारखं वाटतं म्हणून ठेवली. तिलाही आतून तेच वाटत आलं. पण नवऱ्याचं काम सुटलं ती दोन वर्षं याच नोकरीवर निघाली, लेक याच नोकरीवर शिकली. तेव्हा ती मूग गिळून राहिली आणि लोकांच्या हनुवट्या खाली घेत राहिली.

तर असा तो गोळा. एका मुलीच्या बापाचं हसू एका कॅमेऱ्याने घालवलं होतं, आणि आता दुसऱ्या मुलीच्या बापासाठी कॅमेरा हिच्या हातात येणार होता.

रविवारी घरी रंगीत तालीम झाली. तिचा नवरा वायरमन आहे, माणूस थट्टेखोर. तो नवरदेव झाला. लेक सहलीला गेलेली, त्यामुळे नवरी कोण व्हायचं हा प्रश्न आला. तिच्या सासूबाई ठेवणीतले कपडे घालून तयारच होत्या. "माझ्या वेळी कोणी एक फोटो काढला नाही," त्या म्हणाल्या. "आता होऊ दे हौस." हिने चाळीस फोटो काढले. खिडकीपाशी काढले, दारात काढले, जेवताना काढले. मग नवऱ्याने वायर जोडून ते टीव्हीवर लावले.

"अगं, हे लग्न आहे की ओळख परेड?" सासूबाई म्हणाल्या.

"मी तर फरार आरोपी वाटतोय," नवरा म्हणाला. "याच्याबद्दल माहिती देणाऱ्यास योग्य इनाम."

"तुम्ही हसत का नाही मग? मी इतक्यांदा हसा म्हटलं!"

"तू हसा म्हणतेस, पण असं म्हणतेस की माणूस हात वर करतो."

तिला हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी रडूच आलं. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "होईल गं. पोळी पहिल्या दिवशी कोणाची गोल झालीय?" पण हिला पोळीची भीती नव्हती. पोळी बिघडली तर दुसरी लाटता येते. शिंपीदादाच परवा दुकानाच्या दारात ओठांच्या फटीतून म्हणाले होते, "कपडा बिघडला तर उसवतो आणि पुन्हा शिवतो. तुमच्या कामाला उसवणं नाही. कठीण आहे बुवा."

सोमवारी तिने काकांना सांगून टाकलं, "काका, मला जमणार नाही. आत्ताच सांगते. ती पोरगी विमानात बसेल आणि तिच्या भिंतीवर मिटलेले ओठ लागतील. ते पाप माझ्या माथी नको."

काकांनी ऐकून घेतलं. मग उठून डाव्या हाताने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. दुपारचे बारा, गिऱ्हाइकाची ऐन वेळ. वीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"बॅग आण," ते म्हणाले. "बाजूचा कप्पा उघड."

तिने उघडला. गोळ्या नव्हत्या. प्लास्टिकचं एक जुनं पाकीट होतं आणि त्यात फिल्मच्या सहा पट्ट्या. निगेटिव्ह तिने हजारो पाहिल्या होत्या, पण या पट्ट्यांवर काहीच नव्हतं. नुसता फिकट नारिंगी रंग, आणि कडेला कारखान्यातून छापून आलेले बारीक आकडे, एकपासून छत्तीसपर्यंत.

"हे काय?"

"तुझं लग्न," काका म्हणाले.

ती स्टुलावर बसली. "तुम्ही हे फेकलं नाहीत?"

"कसं फेकू? रोल पुढे सरकतोय का ते कळायला कॅमेऱ्याच्या वर एक चकती असायची. प्रत्येक फोटोला ती फिरते का, एवढंच बघायचं असतं. त्या दिवशी मी बघितलं नाही. घाई, गर्दी, आणि थोडी मस्तीही होती अंगात. तेव्हापासून दर लग्नाला निघताना याला हात लावतो. हात लागला की बघायचं राहत नाही. आता चकती नाही, तर पहिला फोटो रिकाम्या भिंतीचा काढतो आणि कार्डावर आला का ते बघतो. मगच माणसांकडे वळतो." एवढं लांबलचक काका वर्षाकाठी एकदा बोलत असतील. ते खोकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पेन्सिल घे. लग्नात काय काय काढायचं ते सांगतो. लिही."

त्यांनी पहिली पट्टी डाव्या हातात धरून ट्यूबलाइटसमोर नेली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"एक. तुझ्या घराचं दार. आत जायच्या आधी काढलं. माणूस नाही त्यात, नुसत्या चपला. घर आधी घ्यायचं, मग माणसं. दोन. तुझी आत्या तुझे केस विंचरतेय. आरशातून काढला, म्हणजे दोघींचेही चेहरे येतात. तू ओरडत होतीस, आत्या, दुखतंय. तीन. तीच आत्या, एकटी. तू उठून गेल्यावर फणी हातात घेऊन बसून राहिली होती."

ती लिहीत होती. पहिल्या दोन ओळी तिने रागाने लिहिल्या, हे खरं आहे. तिसरीपाशी पेन्सिल जरा हळू झाली.

"सात. तू वहीत सही करतेस. जीभ दाताखाली. शाळेत पेपर लिहिल्यासारखी. सही करताना कागदाचा फोटो काढायचा नाही, तोंडाचा काढायचा. अकरा. तुझ्या नवऱ्याचे पाय."

"पाय?"

"नवा बूट चावत होता त्याला. सगळे फोटोसाठी उभे राहिले की हा मागून हळूच टाच बाहेर काढायचा. मी फक्त पाय काढले."

ती खुदकन हसली. "अजून तसाच उभा राहतो. काका, तुम्हाला सगळे आठवतात?"

"जे निघाले ते विसरलो," काका म्हणाले. "हजारो होते. हे छत्तीस नाही विसरता आले."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून गेलं. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. काकांनी चौथी पट्टी उचलली, म्हणजे आकडे एकोणीसपासून पुढचे, पण ती खाली ठेवून पुन्हा तिसरी घेतली.

"अठरा. तुझे वडील तुझ्या शेजारी. मी हसा म्हटलं, तर ते खांबासारखे ताठ. जन्मात एकदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले, तेही ओळखपत्रासाठी. मला वाटलं, गेला हा फोटो वाया. म्हणून मी 'झालं' म्हटलं. म्हटलं, पण कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नाही." त्यांनी तिसरी पट्टी खाली ठेवली. चौथी पट्टी घेतली. तिच्या कडेचा पहिला आकडा त्यांनी अंगठ्याच्या नखाने दाखवला. "एकोणीस. 'झालं' ऐकल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि तुझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून एकदम पाणीच. तू म्हणालीस, बाबा, रडताय? तर ते म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या गळत्या बंद केल्या पोरी, आज आपलीच सुरू झाली. आणि हसले. डावा हात पोटावर, मान मागे, वरच्या दातांतली फट दिसत होती. मी दाबला. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो. हा बघ."

त्यांनी ती पट्टी तिच्या हातात दिली. तिने प्रकाशासमोर धरली. फिकट नारिंगी रंग आणि कडेला एकोणीस. पण ते गळतीचं वाक्य! ते ती साफ विसरली होती. तेवीस वर्षं भिंतीवरच्या त्या ताठ चेहऱ्याकडे बघून बघून तिला बाबांचा आवाजसुद्धा ताठच आठवायला लागला होता. आता तो आवाज कानात आला, हसत आला, अगदी पोटावरच्या हातासकट आला. ती तोंडावर हात दाबून रडली, मग हात काढून रडली. काकांनी तिला रडू दिलं.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" तिने शेवटी विचारलं.

"छाती झाली नाही. तू विचारशील म्हणून वाट बघत होतो. तू विचारलं नाहीस."

"आणि मला कामाला ठेवलंत ते अपराधी वाटलं म्हणूनच ना?"

काकांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "पहिले आठ दिवस, हो," ते म्हणाले. "नंतर तुझ्यावाचून दुकान चालेना म्हणून."

रडता रडता तिला हसू फुटलं. तिने पट्ट्या एकेक करून पाकिटात घातल्या, आकडे लावून. म्हणाली, "मी समजत होते तुम्ही माझं लग्न घालवलंत. तुम्ही तर ते सांभाळून ठेवलं होतंत काका. उपकार झाले तुमचे." काका शटर वर करायला उठले.

आणि तेव्हा, शटर वर जाताना, तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झालं! दिवसातून चाळीस वेळा ती हा शब्द म्हणायची. तो ऐकला की प्रत्येक माणूस सैल पडायचा, श्वास सोडायचा, स्वतःशीच हसायचा. तेच तर खरं तोंड! आणि नेमकं तेव्हाच ही बाई पाठ फिरवून छपाईच्या यंत्राचं बटण दाबायला वळलेली असायची. वीस वर्षं चांगला चेहरा तिच्या पाठीमागे येऊन जात होता. स्वतःच्याच कपाळावर तिने एक चापटी मारून घेतली.

उरलेल्या पाच दिवसांत तिने गिऱ्हाइकांची तालीम केली. ओळखपत्राचा फोटो घ्यायचा, "झालं" म्हणायचं, आणि कॅमेरा खाली न घेता आणखी एक. बँकेतले साहेब स्टुलावर विरघळलेले सापडले. सासूबाईंचा एक असा आला की त्यांनी तो उशाखाली ठेवून घेतला. "मी गेल्यावर हाच लावा हं भिंतीवर," त्यांनी बजावलं. "तो परेडमधला लावलात तर भूत होऊन मानगुटीवर बसेन."

लग्नाच्या दिवशी तिने दुकानातून निघताना बॅगेच्या कप्प्यात हात घातला. पाकीट हाताला लागलं. सभागृहात पोचल्यावर पहिला फोटो रिकाम्या भिंतीचा काढला, कार्डावर आलाय हे पाहिलं, आणि मग चपलांकडे वळली. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. एक शब्द बोलणार नाही असं वचन त्यांनी दिलं होतं आणि ते पाळलं. फक्त ती उजेडाच्या उलट बाजूला उभी राहिली की खोकायचे.

दार झालं, आरसा झाला, सही झाली. नवऱ्या मुलाचा बूट चावत नव्हता, तरी तिने पाय काढले. पण शिंपीदादा काही केल्या सुटेनात. मुलीचा पोशाख त्यांनी स्वतः शिवला होता, तीन महिने, आणि अजून त्यांचं समाधान नव्हतं. सारखे जवळ जाऊन कुठेतरी ओढत, कुठेतरी दाबून बघत. बाप-लेकीला शेजारी उभं करून तिने एक काढला. मिटलेले ओठ. "झालं," ती म्हणाली. शिंपीदादांनी श्वास सोडला, ओठ तसेच. पुन्हा एक. "झालं दादा." पुन्हा तेच. पाहुणे जेवायला निघाले होते, गाडी दारात लागली होती, आणि मुलगी कॅमेऱ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होती की हनुवटीताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"शेवटचा," ती म्हणाली. खटक. ताठ बाप, ताठ ओठ. "झालं, दादा. आता खरंच झालं. सुटलात."

पण कॅमेरा तिने डोळ्यावरून हलवला नाही. दंड दुखायला लागले, तरी हलवला नाही.

शिंपीदादांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या बाहीच्या आतल्या बाजूला काहीतरी चमकलं. त्यांनी दोन बोटांनी ते हळूच ओढून काढलं. टाचणी होती, राहून गेलेली. आणि चाळीस वर्षांची सवय. लेकीच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांनी ती सरळ ओठांत धरली.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "आज तरी टाचण्या खाऊ नका!" आणि हात पुढे करून तिने ती टाचणी त्यांच्या ओठांतून काढून घेतली.

शिंपीदादांनी तिच्या बोटांतल्या टाचणीकडे बघितलं. "चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या कपड्यात कधी एक टाचणी राहिली नाही माझी," ते म्हणाले. "राहिली ती पोटच्या पोरीच्या!" आणि ते हसले. तोंड उघडून हसले, एक दाढ नव्हती ती दिसेपर्यंत, गालावरून पाणी ओघळेपर्यंत हसले, आणि मुलगी टाचणी मुठीत धरून त्यांच्या छातीवर डोकं टेकून हसली.

खटक.

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. आला होता. पुन्हा बघितलं. आलेलाच होता. तिसऱ्यांदा बघितलं, कारण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग जेवायला निघालेल्या गर्दीतून वाट काढत ती कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेली आणि कॅमेरा काकांसमोर धरला.

काकांनी तो डाव्या हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. खोकला आला तो त्यांनी गिळला.

"एकोणीस नंबर," ते म्हणाले.

"हो काका," ती म्हणाली. "या वेळी निघाला."